आबांचा हात, रोज एक फोटो

लग्नात नवरानवरीवर पडणाऱ्या अक्षता हवेत रेंगाळत ठेवणं हा माझा धंदा. कॅमेरा एका सेकंदात शेकड्यानं चित्रं टिपतो, आणि मग एकेक तांदूळ पिसासारखा खाली उतरतो. जळगावात लोक मला याच कामासाठी बोलावतात आणि मला त्याचा थोडा माजही आहे. पण आषाढी एकादशीनंतर लग्नं बंद, कॅमेराही बंद. त्या वर्षी ते चार महिने मी चोपड्याकडच्या आमच्या गावी राहिलो, कारण उन्हाळ्यात आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लकवा मारला होता.

उजवा हात गेला होता. पहिल्या काही महिन्यांत तो हलवत राहिलं तरच कामाला येईल, असं व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. आबांनी पंधरा दिवस केलं आणि सोडून दिलं. हट्ट आमच्या घरात पिढीजात आहे. माय सकाळी समोर येऊन बसली की ते भिंतीकडे तोंड करायचे. हा माणूस पुन्हा कधी विळा धरणार नाही, या विचारानं मला भीती वाटायची, आणि त्यांचा रागही यायचा.

असंच एकदा वेळ घालवायला म्हणून मी शेतात केळीसमोर फोन लावला. वर छत्री बांधली. दर दहा मिनिटांनी एक फोटो, असे पाच-सहा दिवस. मग ते सगळे जोडले, तर गुंडाळलेला पोंगा अर्ध्या मिनिटात उलगडून रुंद पान झाला. सारा जन्म केळीत घालवलेल्या आबांनी ते तीनदा पाहिलं.

"केय रोज वाढस," ते म्हणाले. "मना हात शे तठेच शे."

मी म्हटलं, केळ तरी वाढताना तुम्हाला कधी दिसली होती? हाताचंही असंच करू. दसऱ्यापर्यंत रोज व्यायामाच्या वेळी एक फोटो. त्यातही हात हलला नाही, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. पैज म्हटल्यावर आबा कबूल झाले.

पहिले आठ दिवस वाया गेले. सकाळी मी शेतात असायचो, बटण माय दाबायची. आमच्याकडे फोटो म्हणजे टोपी, धुतलेला सदरा आणि श्वास रोखून बसणं. आबा रोज बरोब्बर तसेच बसले होते, अधू हात उपरण्याखाली झाकून. आठही फोटोंत टोपी तेवढी झकास आली होती. मला हसू आलं आणि लगेच वाईट वाटलं, कारण त्या हाताची त्यांना लाज वाटत होती.

नवव्या दिवसापासून मीच उभा राहिलो. ओट्यावर खडूनं खुर्चीची जागा आखली. माय कोपराला आधार द्यायची, आबा हात उचलायचे, आणि तो जिथवर जाईल तिथे मी फोटो घ्यायचो. मधे एकही फोटो बघायचा नाही, असं तिघांचं ठरलं.

दसऱ्याला सकाळी मी नवव्या दिवसापासूनचे सगळे फोटो जोडून लावले. जेमतेम दहा सेकंदांचं काम. हात मांडीवरून निघाला, अडखळला, दोन-तीनदा मागे आला आणि शेवटी खांद्याएवढा वर गेला. पैज जिंकल्याच्या तोऱ्यात मी आबांकडे पाहिलं. त्यांनी नुसतं पुन्हा लावायला सांगितलं.

दुसऱ्यांदा मलाही दिसलं. पहिल्या फोटोत मायचे दोन्ही हात त्यांच्या कोपराखाली होते, सगळा भार तिच्यावर. पुढे एकच हात. मग नुसती बोटं. शेवटच्या कितीतरी फोटोंत तिचे हात तिच्या स्वतःच्या मांडीवर होते. मी रोज कॅमेऱ्यामागे उभा होतो, तरी माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

आबांनी तिला विचारलं, "तू हात कव्हय काढी लिधा?"

माय पुरणपोळीची कणीक मळत होती. तिनं वर पाहिलं नाही. "माले बी नही समजनं," म्हणाली.

मला ते खरं वाटलं नाही. आबांनाही वाटलं नसावं. त्यांनी मला पहिल्या फोटोवर थांबायला सांगितलं, आणि तिचे ते दोन हात ते कितीतरी वेळ बघत बसले.