दोराला न चाले हात

परवा नांदेडला आमच्या कॉलनीतल्या बायकांचा कार्यक्रम होता. खुर्च्या गोल मांडलेल्या, चहा झालेला, आणि एक हौशी बाई माइक घेऊन फिरत होती. प्रत्येकीनं आपलं आवडतं गाणं सांगायचं आणि त्या गाण्यानं आयुष्यात काय शिकवलं तेही सांगायचं. एकीला गाण्यानं संयम शिकवला. दुसरीला माफ करायला शिकवलं. तिसरी म्हणाली, गाणं लावलं की माझा राग कसा विरघळूनच जातो बाई! सगळ्यांनी माना डोलावल्या आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

माइक माझ्यापुढं आला तेव्हा मी म्हणाले, "मला गाण्यानं चिडायला शिकवलं." हशा पिकला. मास्तरीणबाई गंमत करून राहिल्या असं त्यांना वाटलं. कसली गंमत अन् कसलं काय! पण दोन मिनिटांत मी काय सांगणार, डोंबल? म्हणून आता नीट सांगते.

आमचं गाव उदगीरच्या अंगाला. लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झालेला. नवी कचेरी, नव्या पाट्या, नव्या जीपगाड्या, सगळा थाट नवा. पाऊस तेवढा आला नाही. मी नांदेडला मास्तरकीचं शिकत होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले तर गावातली निम्मी माणसं रोजगार हमीच्या रस्त्यावर. बाया खडी फोडायच्या. आई तर होतीच, मीही दुसऱ्या दिवसापासून हातोडा घेतला.

आम्ही बौद्ध. आमच्या घरांना कामाची सवय होती, पण त्या वर्षी शेतवाल्या घरच्या बायाही खडीवर आल्या, पदर कपाळापर्यंत ओढून. त्यातलीच एक आमच्या शेजारी बसायची. चांगलं मोठं शेत त्यांचं, पण शेत काय करणार पाण्यावाचून? पहिल्याच दिवशी तिच्या तळहाताची सालं निघाली. आईनं आपल्या लुगड्याची चिंधी फाडून तिच्या हाताला बांधली, हातोडा कसा सैल धरायचा ते दाखवलं. "आवळून धरू नको गं, मग फोड येत्यात." दोघी एकाच घमेल्यात खडी भरायच्या, एकाच झाडाखाली भाकर खायच्या, एकमेकींना अगं-तुगं करायच्या. मला वाटलं, चला, दुष्काळानं एवढं तरी बरं केलं. मी शिकलेली ना, मला असलं काहीबाही वाटायचं.

संध्याकाळी टँकर यायचा आणि वरच्या विहिरीत रिकामा व्हायचा. आमच्या वस्तीचा आड कधीच आटला होता. विहीर साऱ्या गावाची, टँकर सरकारचा, पण विहिरीवरचा दोर आणि चाक त्याच बाईच्या घरचं. दिवसभर आईच्या घमेल्याला हात लावणारी ही बाई विहिरीवर आली की बदलायची. आम्ही खाली, दगडांपाशी घागरी घेऊन उभ्या. ती वरून म्हणायची, "थांबा जरा, आमचं होऊ द्या, मग वतते." आणि मग लांबूनच आमच्या घागरीत पाणी ओतायची, धार तुटू न देता पण घागरीला घागर न लावता. सकाळची 'अगं' संध्याकाळी आईच्या तोंडून 'अक्का' व्हायची. मी दात खात उभी राहायचे. आई म्हणायची, "गुमान ऱ्हा. आपला दोर तोकडा हाय, इहीर खोल हाय." दोर तोकडा होता हे खरंच. पण लांब दोर आणून तो तिथं सोडायची छाती कुणाची होती?

तर गाणं. खडीवर बाया गायच्या, आणि आमच्या टोळीची एक रीत होती. गाणं एकच, पण प्रत्येकीची त्यात स्वतःची एक ओवी. पहिलीची ओवी ज्या शब्दावर संपायची तो शब्द ती लांबवायची, आणि दुसरीनं तो तिच्या तोंडातून उचलून आपली ओवी सुरू करायची. जिची ओवी तिनंच म्हणायची, दुसरीनं म्हणायची नाही. एखादी कामावर आली नाही तर त्या दिवशी हे गाणं लागायचंच नाही, दुसरं काहीतरी म्हणायच्या. हातोड्यांचा ठेका आणि ही ओव्यांची साखळी, दुपारच्या उन्हात तेवढ्यावरच माणूस तगून राहायचं. मला या गाण्याइतकं दुसरं कुठलंही गाणं आवडलं नाही, अजूनही नाही.

आईच्या आधी एक म्हातारी म्हणायची:

उन्हानं फुटला माथा, खडीनं फुटली वाणी,
मेघराजा कुठं गेला, कुठं ठेवलंस पाणी

हे पाणी आई उचलायची:

पाणी आलं गाडीवर, ऱ्हाते उभी मी उन्हात,
खडीला चालतो माझा, दोराला न चाले हात

आणि आईचा हा 'हात' उचलायची कोण? तीच, शेजारची, दोरवाली:

हात फोडांनी सोलला, दुखणं कुणाला सांगू,
सोबतिणीनं बांधली चिंधी, आणखी काय मी मागू

आई रोज तिच्या तोंडावर तिचीच गोष्ट म्हणायची आणि ती खाली बघून खडी फोडत आपली वेळ आली की सुरात शब्द उचलायची. गाण्यात म्हटलेलं चालतं, नुसतं बोललेलं चालत नाही, असा काहीतरी हिशोब असावा. आई मला एकदा म्हणाली होती, "मला बोलाया येत न्हाई बाई तुझ्यासारखं. ही ओवी हाय तेवढीच माझी." म्हणून ती ओवी म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. आईच्या जवळ सांगायला तेवढंच होतं.

त्याच उन्हाळ्यात लातूरला नव्या जिल्ह्याचा कसलासा सोहळा ठरला. कामावर आलेल्या एका साहेबानं आमचं गाणं ऐकलं आणि त्याला भलताच उमाळा आला. लोकगीत! अस्सल! खडी फोडणाऱ्या भगिनी मंचावर गातील! आम्हाला हातोड्याऐवजी दोन-दोन दगड घेऊन बसवायचं ठरलं, ठेका धरायला. तालीम झाली. आईची ओवी झाली आणि साहेबाचं तोंड आंबट झालं.

"ही एक गाळा," तो म्हणाला. "शुभ प्रसंग आहे. पाहुणे येणार आहेत. पाणी झालं की डायरेक्ट पुढची घ्या."

मी उठले. म्हटलं, "साहेब, यात खोटं काय आहे ते सांगा." तो हसला. "ताई, खोटं नाही हो, कडू आहे." म्हटलं, कडू तर आमच्या घशाखाली रोज उतरतंय, तुम्हाला एक दिवस ऐकवत नाही? त्यानं माझ्याकडं पाहणंच सोडलं आणि बायांना विचारलं, "जमेल ना?" बायांनी माना हलवल्या. दोरवालीनं तर जरा जास्तच जोरात हलवली. आणि आई? तिला मागच्या रांगेत बसायला सांगितलं, नुसता ठेका धरायला, आणि तिनं "हाव" म्हटलं. घरी आल्यावर मी आईवर इतकी ओरडले की वस्तीतली एक बाई डोकावून गेली. "एवढी एकच तर तुझी होती, तीही दिलीस!" आई चुलीपुढून म्हणाली, "वरडू नको. भाकर करपंल."

सोहळ्याच्या दिवशी ट्रकमधून आम्हाला नेलं. मैदानात उतरलो तर काय दिसावं? धूळ उडू नये म्हणून मैदानावर पाणी मारून राहिले होते. टँकरनं! आमच्या गावात ज्या पाण्यासाठी बाया दगडांपाशी उभ्या, तसलं टँकरभर पाणी पाहुण्यांच्या बुटांखाली चिखल होत होतं. मी त्या शिंपडणाऱ्या माणसाला काहीतरी बोलले. तो बिचारा काय करणार! पण माझ्या डोळ्यांपुढं लाल झालं होतं.

गाणं सुरू झालं. दगडांचा ठेका बसला, एकेक ओवी पुढं सरकली. म्हातारीनं आपली ओवी म्हटली, शेवटचं 'पाणी' लांबवलं आणि थांबली. आता दोरवालीनं सुरू करायचं. साहेब मंचाच्या कडेला उभा राहून हातानं 'चला, चला' करत होता.

तिनं तोंड उघडलं. "हा..." आणि अडली. पुन्हा एकदा, "हात..." आणि सूर भलतीकडंच गेला. जो शब्द रोज आईच्या तोंडातून उचलायचा तो तिला हवेतून घेताच येईना. पाण्यावर हात कसा लावायचा? दगड टक टक वाजत होते. समोरचे पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. तिच्या कपाळावर घाम आला. साहेब दातओठ खात होता. मी मंचाखाली उभी होते आणि मला मनापासून बरं वाटत होतं, हे कबूल करायला मला अजिबात लाज वाटत नाही.

शेवटी तिनं मागं वळून आईकडं पाहिलं आणि माइकसमोरच म्हणाली, "दे की गं."

आईनं ठेका सोडला नाही. मान वर केली आणि शांतपणे म्हणाली, "थांब जरा."

विहिरीवरचे तेच दोन शब्द. दोरवालीचा चेहरा पांढरा पडला. तिथल्या एवढ्या माणसांत त्याचा अर्थ आमच्या गावच्या बायांनाच कळला, आणि त्यांच्यातल्या कुणी वर बघितलं नाही. दगड वाजत राहिले. आईनं तिला तसंच बसवून ठेवलं. मग सुरुवात केली, मागच्या रांगेतून, माइकशिवाय, खणखणीत: पाणी आलं गाडीवर. सगळी ओवी म्हटली. 'हात' असा लांबवला की मैदानाच्या टोकापर्यंत गेला असेल. दोरवालीनं तो उचलला, आणि चिंधी म्हणताना तिचा आवाज फुटला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं बसवलेलंच असं आहे. धन्य ते लोक!

नंतर साहेबानं बायांना एकेक पाकीट दिलं. आईचं पाकीट टेबलावर आपटलं. आईनं ते उचललं, कनवटीला लावलं आणि ट्रकवाल्याला म्हणाली, "भाऊ, बाजारातून घे जरा गाडी." तिथं उतरून तिनं दोर घेतला. नवा, जाडजूड, चांगला लांब. दुकानदाराला दोनदा विचारलं, "खोल इहिरीला पुरंल न्हवं?"

परतीच्या वाटेवर ती दोराच्या वेटोळ्यावर बसली होती. दोरवाली ट्रकच्या दुसऱ्या टोकाला, आमच्याकडं पाठ करून. मी आईला हळूच म्हटलं, "चांगलं थांबवलंस तिला."

"किती थांबली गं?"

"असेल मिनिटभर."

"बस? मिनिटभर?" आई म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि आवाजात संतापाशिवाय काही नव्हतं. "मिनिटभरात रडकुंडीला आली. अन् आपुन?"

दुसऱ्या दिवशी टँकर आला. आई खालच्या दगडांपाशी थांबलीच नाही, सरळ काठावर चढली. मी मागोमाग. आमच्या वस्तीतल्या बाया खालीच उभ्या राहून बघत होत्या. दोरवालीनं चाकावरून हात काढला नाही. सवयीनंच तिच्या तोंडून निघालं, "थांब जरा, आमचं..."

"लई थांबले," आई म्हणाली. "आता तू सरक."

आणि तिनं घागरीच्या गळ्यात दोर बांधून विहिरीत सोडला.