करवंदीचं रिकामं झुडूप

चिक्कडपल्लीचे नामदेवराव जाधव निवृत्तीनंतर गळ्यात कॅमेरा अडकवून रोज सकाळी शहराबाहेरच्या रानात जायचे, आणि तिथे त्यांचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. एका जुन्या कडुनिंबाच्या ढोलीत त्यांना घुबडाची जोडी सापडली होती. ती जागा त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती, कारण तिच्या पोटात काही राहत नाही. रानात दुसरा कॅमेरेवाला दिसला की ते ढोलीकडे पाठ फिरवायचे आणि समोरच्या रिकाम्या करवंदीच्या झुडपाचे खटाखट फोटो काढायचे. बघणाऱ्याला वाटावं, पक्षी तिथेच आहे.

कुकटपल्लीहून येणारा अनिकेत तर त्यांच्या डोळ्यांत सलायचा. पुण्याचा पोरगा, कंपनीत कामाला, आणि वर गोड बोलणारा. गोड बोलणाऱ्यांचं नामदेवरावांना पहिल्यापासून वावडं.

एका रविवारी तो हसत जवळ आला.

"काका, तुम्ही नेहमी या झुडपापाशी थांबता, म्हणून आज मीही थांबलो. हे बघा."

त्याच्या फोटोत, करवंदीखालच्या पाचोळ्यात, पाचोळ्याच्याच रंगाचा रातवा पक्षी बसला होता.

"दुसरीकडचा फोटो दिसतोय. नक्को सांगू मला," असं म्हणून नामदेवराव तडक घरी आले.

दार लावून त्यांनी आपले ते थापेचे फोटो उघडले आणि मोठे करून पाहिले. एकूण एक फोटोत रातवा होता. डोळे किलकिले करून तो नामदेवरावांवरच नजर ठेवून बसला होता.