औशाजवळच्या शेतात दिलेली माती

लातूरच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचं ताट फिरवण्याआधी पाळक दर वेळी सांगतात, कुणाच्या मनात आपल्या भावाविषयी काही असेल तर त्यानं आधी जाऊन समेट करावा. लोक मान खाली घालून ऐकतात आणि मग भाकर घेतात. माझे यजमान गेल्यापासून मला ते जमेना. ताट आलं की मी ते शेजारच्या बाईंकडे सरकवत असे. माझ्या मनात माझ्या धाकट्या दिराविषयी राग होता, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नव्हती.

आम्ही दोघं लिंगायत घरातले. ह्यांची फुप्फुसं निकामी होत चालली तेव्हा गल्लीतल्या एका बाईंबरोबर आम्ही प्रार्थनेला जाऊ लागलो. बरं होण्यासाठीच गेलो होतो, खोटं कशाला सांगू. बरे काही ते झाले नाहीत. पण जन्मभर तापट असलेला हा माणूस त्या दिवसांत निवत गेला. शीर न सापडणाऱ्या नर्सला म्हणायचे, "राहू दे बाई, सावकाश बघ." ते पाहून मीही त्याच वाटेनं गेले. दोघांनी बरोबरच बाप्तिस्मा घेतला. आपल्याला मंडळीनं माती द्यावी, एवढंच ह्यांनी मला सांगून ठेवलं होतं.

तेवढंही माझ्या हातून झालं नाही. हे गेले तेव्हा गावाकडची माणसं आधी पोचली आणि देह औशाजवळच्या आमच्या शेतात घेऊन गेली. आमच्याकडे बायका मातीला जात नाहीत. मला जावेच्या खोलीत बसवून ठेवलं. मी काही बोलले असेन तर ते रडण्यातच गेलं असेल. पाळक येईपर्यंत सगळं उरकलं होतं. दिरानं लिंगायतांच्या रीतीप्रमाणे ह्यांच्या कपाळाला विभूती लावून, खड्ड्यात बसवून माती दिली होती.

त्यानंतर मी औशाला गेले नाही. शाळेत मराठी शिकवण्यात आयुष्य गेलेलं, वाचनाची सवय. क्षमेबद्दल पुष्कळ वाचलं, खुणा करून ठेवल्या. पाळक घरी येऊन प्रार्थना करत. मी आमेन म्हणत असे आणि राग तसाच राही.

शेवटी गेले ती भक्तीनं नव्हे, दमून गेले. राग धरून ठेवण्याइतकं बळ अंगात उरलं नव्हतं. दुपारी एसटीनं औशाला उतरले. दिराचं बी-बियाण्यांचं दुकान आहे, मागे घर. मला पाहून तो गल्ल्यावरून उठला आणि तसाच उभा राहिला.

जावेनं चहा आणला. "चालतो ना आमच्या हातचा? का त्याच्यावर पण प्रार्थना करावी लागती?"

"करू दे की," दीर म्हणाला. "तुझ्या चहाला गरजच हाय."

मला हसू आलं, त्याचाही मला राग आला. कप खाली ठेवून मी विचारलं, "भाऊजी, ह्यांची इच्छा तुम्हाला ठाऊक होती. मग असं का केलंत?"



"ठाऊक होती, वैनी. माती द्यायला आलेल्या स्वामींनीही विचारलं, ह्यांनी धर्म बदललाय, आडवं ठेवायचं का? मीच न्हाई म्हणलो. दवाखान्यात अण्णाला आडवं होता येत नव्हतं. लई दम लागायचा. पाठीला पाठ लावून मी बसून राहायचो, तवा कुठं डोळा लागायचा त्याचा. आता त्यालाच आडवं करून वरनं माती लोटायची? माझ्यानं न्हाई झालं." मग म्हणाला, "तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. तेवढं चुकलं."

मी त्याच दवाखान्यात होते. ते बसणं मी रोज पाहिलं होतं. तरी हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

मी म्हटलं, "मला तिथं घेऊन चला."

जावेनं माझा पदर खांद्यावर नीट केला. दिरानं मोटरसायकल काढली. शेतात सोयाबीन उभं होतं. मातीच्या उंचवट्यावर कुणीतरी बेलाची पानं ठेवली होती. त्यानं वाकून ती उचलायला हात पुढे केला.

"असू द्या," मी म्हटलं.

मी प्रार्थना केली. मोठं काही सुचलं नाही. देवा, ह्यांना तुझ्याजवळ ठेव आणि आम्हा दोघांवर दया कर, एवढंच म्हणाले. दीर चपला काढून, हात जोडून उभा होता. थोड्या वेळानं त्यानं हळूच विचारलं, "झालं का?"

"झालं."

पुढच्या प्रभुभोजनाला मी भाकर घेतली. बरं वाटलं असं लगेच म्हणवत नाही. घरी आले, ह्यांच्या कपड्यांचं कपाट उघडलं आणि खूप रडले. इतके दिवस मी दिरावर रागावलेलीच होते. ह्यांच्यासाठी रडायचं राहूनच गेलं होतं.