तिलवाऱ्याच्या वाळूवरची राखण

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. अधारतालच्या इंदिराबाई ढोबळे तोंड न पोळताच पाणीसुद्धा फुंकून पीत. शाळेत शिकवत होत्या तेव्हा कॉपी पकडण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. निवृत्त झाल्या, पकडायला पोरं उरली नाहीत, म्हणून मग दूधवाल्यापासून जावयापर्यंत सगळ्यांवर त्यांची नजर असे. शेजारच्या अनुपमनं अशा बाईला कासवांच्या राखणीला नेलं, यात नवल ते काय?

तिलवाऱ्याच्या पुलाखाली, नर्मदेच्या पात्राच्या कडेला वाळूचा एक पट्टा आहे. थंडी सरता सरता कासवं तिथं अंडी घालतात. अनुपम आणि त्याची हौशी मंडळी पाळीपाळीनं फेरी मारत, घरटं दिसलं की शेजारी काडी रोवत आणि ग्रुपवर कळवत. सकाळची पाळी इंदिराबाईंनी मागून घेतली.

पट्ट्याला लागूनच बापूची खरबुजांची वाडी होती. वाळूत वेल, कडेला झोपडी, झोपडीत बायको-मुलं. सगळ्यांचं पोट त्या वेलांवर होतं. तो रोज वाकून "नर्मदे हर, दीदी" म्हणे. इंदिराबाईंनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं, की हा माणूस जरा जास्तच नम्र आहे.

मग घरटी फुटायला लागली. उकरलेली वाळू, रिकामी टरफलं, भोवती कुत्र्यांची पावलं.

"मॅडम, कुत्रेच करून राहिले हे," अनुपम म्हणाला.

"कुत्र्यांना काय स्वप्न पडते का, अंडी कुठं आहेत ते? मागच्या वर्षी काहून नाही सापडली मग? कोणीतरी दाखवून राहिलं त्यांना. आधी अंडी काढून घेते, अन् मागून कुत्री सोडते. इथं दिवसरात्र कोण असते, सांग बरं."

बोलणं सगळ्यांना पटलं. शिकवायची सवय असलेल्या माणसाचं बोलणं पटतंच. घाटाच्या समितीला सांगून रविवारी बापूला वाळूवरून उठवायचं ठरलं.

इंदिराबाईंना बापूच्या हाताची भीती होती तशी त्याच्या नजरेचीही होती. त्यामुळे कोणाला न सांगता त्या डब्यातून दहीभात आणत, प्रत्येक घरट्यावरून ओवाळून दृष्ट काढत आणि भात तिथंच वाळूवर ठेवत. नर्मदामैयाची लेकरं ती, त्यांना कोणाची बाधा होऊ नये. घरटी फुटू लागल्यावर त्या जास्त भात आणू लागल्या.

शनिवारी एकच घरटं उरलं. तिथं भात ठेवून, बापूला रंगेहाथ पकडायचं म्हणून त्या झुडपामागे दबा धरून बसल्या. बापू वेलांना पाणी घालत होता, त्यानं मानही वर केली नाही. तेवढ्यात घाटाकडून दोन कुत्री आली, पायाखालचा रस्ता असल्यासारखी सरळ. त्यांनी भात चाटूनपुसून खाल्ला, खालची वाळू हुंगली आणि उकरायला सुरुवात केली.

इंदिराबाई ओरडत धावल्या. बापूही बादली टाकून धावला. त्यानं कुत्री हाकलली, उरलेली अंडी वाळूनं झाकली, सांडलेली शितं पाहिली आणि बादली उचलून वेलांकडे परत गेला. इंदिराबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पकडलेला चोर स्वतःच्याच घरातला निघाला होता.

तिथूनच त्यांनी अनुपमला फोन करून सगळं सांगितलं.

"मॅडम, त्यानं धमकावलं का तुम्हाला?"

"अरे, मी खरं सांगून राहिले. भात माझा होता."

"अच्छा, ठीक आहे. पण ग्रुपमध्ये कोणी मानणार नाही. तुम्हीच तर म्हणत होत्या, पकडायची वेळ आली की त्याच्यासाठी कोणीतरी रडत येईल. अन् समितीशी बोलणं झालं आहे आता."

निरोप आधीच पोहोचला होता; रविवारी समितीची माणसं यायच्या आधीच बापू झोपडीचे बांबू सोडवत होता. वेलांवर खरबुजं अजून हिरवीच होती.

"भैया, रुक जाओ," इंदिराबाई म्हणाल्या. "मैं सबके सामने बोलूँगी. चलो, पहले वो घोंसला देख लें, बचा कि नहीं."

बापूनं इकडेतिकडे पाहिलं. वाळूवर दुसरं कोणी नव्हतं.

"नहीं दीदी," तो म्हणाला. "आपके साथ अकेले उधर नहीं जाऊँगा. किसी गवाह को ले आइए."