पयले पुठ्ठा, मंग पाना

बिघडलेली गाडी आली की मिस्त्री लोक आधी बॉनेट उघडतात. आमच्या फाट्यावरचे पुठ्ठा काकाजी आधी पुठ्ठा शोधायचे. बिस्किटांच्या खोक्याचा कोरा पुठ्ठा गाडीखाली सरकवायचे आणि गाडीवाल्याला चहाच्या टपरीवर पिटाळायचे. कोणी घाई केलीच तर उत्तर ठरलेलं, "पयले पुठ्ठा, मंग पाना."

अर्ध्या तासाने पुठ्ठा बाहेर निघायचा. डाग काळा असला तर इंजिनचं तेल, पाण्यासारखा पातळ असला तर ब्रेकचं. दाट, भुरकट थेंब असला की ते बोटावर घेऊन हुंगायचे आणि नाक मुरडायचे, कारण गिअरच्या तेलाला भारी घाण वास. धानाच्या बांधीतलं पाणी उतरलं की शेतकरी कडेच्या मातीच्या धुऱ्याला भोक कुठे पडलं ते शोधत फिरतो, तसे ते मग गाडीखाली शिरायचे.

मी नागझिऱ्याच्या जंगलात पर्यटकांना फिरवणारी जीप चालवते. चालवायला लागले तेव्हा जीप म्हातारी होती, मी नवी होते आणि गेटवरच्या ड्रायव्हरांत बाई मी एकटीच. ही कधी तोंडावर आपटते याची सगळे वाटच पाहत होते. उगाच गोड कशाला बोलू? काकाजींनी मात्र पहिल्या दिवसापासून मला जीपखाली झोपायला लावलं. "पाहून घे बाई, तुही गाडी तुलेच ओळखता आली पाह्यजे."

त्या पावसाळ्यात जंगल बंद होतं, म्हणून मी जीप गावोगावच्या सवाऱ्यांना लावली. गिअरबॉक्सवर आतली गरम हवा बाहेर सोडणारी एक बारीक नळी असते. नाला ओलांडताना तिच्यात पाणी शिरू नये म्हणून आमच्याकडे तिच्या तोंडाला चिंधीचा बोळा लावतात आणि पलीकडे गेलं की काढतात. मीही लावला. पलीकडे पोचल्यावर सवाऱ्यांनी घाई लावली, आणि बोळा राहिला तो राहिलाच.

जंगल उघडायला आठवडा उरला तेव्हा गिअरबॉक्सखाली तेल ठिबकू लागलं. दिवसाला चार थेंब, पण तेल गाळणारी गाडी आत सोडत नाहीत, आणि तपासणीत नापास झाले असते तर माझा हंगामच गेला असता. काकाजींनी तेल अडवणारं रबरी सील बदललं. तपासणीच्या आदल्या दिवशी पाहते तर पुन्हा थेंब. माझं डोकंच फिरलं. टपरीवर पाच-सहा ड्रायव्हर बसले होते, त्यांच्यादेखत मी काकाजींना नाही नाही ते बोलले. जुनंच सील पुसून बसवलंत, बाई पाहून फसवलंत, इथवर.

काकाजी पाना घेऊन खाली शिरले. बाहेर आले तेव्हा तळहातावर एक तेलकट बोळा होता. त्यावरची हिरवी बुट्टी मी लगेच ओळखली, माझ्याच जुन्या लुगड्याची. कोंडलेल्या हवेला वाट नव्हती, म्हणून ती तेलाला सीलमधून बाहेर ढकलत होती. तेवढ्यात टपरीवरून एका ड्रायव्हरने विचारलं, काय निघालं जी काकाजी? काकाजींनी माझ्याकडे पाहिलं, मूठ मिटली आणि म्हणाले, "सील माह्याच हातून तिरपं बसलं होतं. चूक माही."

दुसऱ्या दिवशी जीप पास झाली. पुढे त्यातल्या दोघा ड्रायव्हरांनी आपल्या गाड्या काकाजींकडून काढून दुसऱ्या मिस्त्रीकडे नेल्या, तरी मी तोंड उघडलं नाही. त्याची लाज मला आजही वाटते. काकाजींनी तो विषय कधी काढला नाही. जीप दिसली की हाक मारायचे, पुठ्ठा सरकवायचे.

यंदा त्यांचे गुडघे बसले आणि मुलीकडे राहायला जायचं ठरलं. टपरीवर निरोपाचा चहा झाला, तेच ड्रायव्हर जमले होते. मी उभी राहिले आणि बोळ्याची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगून टाकली. कोणी हसलं नाही. गाडी दुसरीकडे नेलेला एक जण उठला आणि काकाजींच्या पाया पडला. काकाजी माझ्यावरच चिडले.

"काऊन सांगून राहिली आता?" मग हळूच म्हणाले, "तुले रोज यायच्याच संगं जंगलात जायाचं होतं बाई. मले तं अथी फाट्यावरच राहाचं होतं."

गोंदियाला स्टेशनवर त्यांना मीच सोडलं. रेल्वेला वेळ होता. त्यांनी कपड्यांच्या पिशवीतून पुठ्ठा काढला आणि वाकता येईना म्हणून पायानेच जीपखाली सरकवला. रेल्वे आली, मी त्यांना खिडकीपाशी बसवलं आणि धावत जीपकडे गेले. पुठ्ठा ओढून काढला तर कोरडा ठणठणीत. तसाच घेऊन फलाटावर पळाले, आणि रेल्वे हलली तेव्हा दोन्ही हातांनी डोक्यावर धरून त्यांना दाखवला.