लाउ वेंग-फायची भट्टी

लाउ वेंग-फाय गेले, तेव्हा व्हँकुव्हरच्या पेंडर स्ट्रीटवरचे म्हातारे त्यांच्या मुलीला, सुक-यिनला, भेटायला आले आणि डोळे पुसून झाल्यावर म्हणाले, "मग आता एग टार्ट कुठं खायची गं आम्ही?" तिला राग आला नाही. राग यायलाही अंगात थोडा जोर लागतो.

वेंग-फाय तरुणपणी चीनमधल्या तोइशानच्या खेड्यातून हाँगकाँगला पळाले आणि तिथल्या एका बेकरीत मैद्याच्या पोत्यांवर झोपून काम शिकले. कॅनडात आल्यावर आधी काही वर्षं कारखान्यात सॅमन माशांची पोटं फाडली. मग पेंडर स्ट्रीटवर बेकरी काढली, खाली भट्टी नि वर दोन खोल्या. शाळा सुटली की सुक-यिन आणि धाकटा काम-होंग गुलाबी खोकी घडी करत बसायचे. वडील, म्हणजे त्यांचे आ-बा, रागावले की बोलत नसत आणि खूश झाले की त्याहून बोलत नसत. फार तर गरम अननस-बन हातात कोंबायचे. त्यात अननस कुठे असतो, असं काम-होंगनं विचारलं की म्हणायचे, "नावात. खा गप."

आई, म्हणजे आ-मा, दिवसभर भट्टीशेजारी स्टुलावर बसून विणकाम करायची. गिऱ्हाइकं चेष्टा करायची, "लाउबाई फार थंडीच्या." ती हसायची. मधूनच नुसतं "वेंग-फाय" म्हणायची, की आ-बा हातातलं टाकून भट्टीचं दार उघडायचे.

आ-मा वारली, तेव्हा सुक-यिन जवळच्याच बर्नबीत एका दातांच्या डॉक्टरकडे नोकरीला होती. नवऱ्याशी काडीमोड झालेला, मूलबाळ नाही, पण स्वतःचं नीटनेटकं घर होतं. थोड्याच दिवसांत आ-बांचं जुनं गिऱ्हाईक असलेल्या लेउंग-बाकचा फोन आला.

"आ-यिन, तुझा बाप आम्हाला कोळसा खायला घालतोय. दुःख आहे म्हणून आम्ही गिळतोय. पण दात उरलेत किती आमचे?"

ती सकाळीच बेकरीत पोचली. दारातच करपल्याचा वास नाकात गेला. आ-बा भट्टीला पाठ करून, हातभर अंतरावर, शांतपणे कणीक लाटत होते.

"आ-बा! जळतंय!"

त्यांनी दचकून दार उघडलं. ट्रेमधले बन काळेठिक्कर पडले होते.

"वास नाही आला तुम्हाला?"

ते ट्रे खरवडत राहिले. खरवडतच म्हणाले, "नाही येत."

"कधीपासून?"

"तू हायस्कूलात होतीस ना, तेव्हा मला मोठा ताप आला होता. त्यानंतर वास गेला तो गेलाच."

सुक-यिन आईच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहत राहिली. इतकी वर्षं आई ऊब घ्यायला तिथं बसते, असं सगळी गल्ली समजत होती. तीसुद्धा.

"घड्याळ लावा की मग."

"ही भट्टी म्हातारी झालीय. एका कोपऱ्यात तापते, दुसऱ्यात रुसते. घड्याळाचं ऐकते थोडीच?" त्यांनी कधी तिच्याकडं काही मागितलं नव्हतं, आताही मागितलं नाही. फक्त स्टुलावरची पिठाची धूळ हातानं झटकली.

शरदातल्या चंद्रोत्सवाचे मूनकेक उरकेपर्यंत राहीन, असं म्हणून तिनं रजा घेतली. तो चंद्रोत्सव गेला, पुढचाही गेला. नोकरी सुटली, बर्नबीचं घर सुटलं. ती बसायची, हुंगायची, "आ-बा" म्हणायची, ते दार उघडायचे. विणकाम तिला येत नव्हतं. ती नुसतीच बसायची. गुडघे आखडले, केसांना कायमचा लोण्याचा वास लागला. काम-होंग कॅल्गरीहून सणावारी यायचा, खोकी भरून न्यायचा, थोरल्या बहिणीला "गा-जे, तू आहेस म्हणून चाललंय" असं म्हणायचा. ते ऐकून तिला आणखीच थकवा यायचा.

एकदा दुपारी तिचा बांध फुटला. "मी आ-मा नाही हो! मला जमत नाही हे!"

आ-बांनी लाटणं खाली ठेवलं. "आ-मापण दमायची. मला दिसायचं. विचारलं नाही मी कधी. विचारलं असतं, तर बेकरी बंद करावी लागली असती." मग हात पुसत म्हणाले, "बंद करू या."

"आणि तुम्ही काय कराल?"

त्यांनी खूप विचार केला. "बसेन," म्हणाले. पण कुठे बसायचं हे त्यांना सुचत नसावं. ते तसेच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी ती खाली येऊन स्टुलावर बसली. त्या बोलण्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

शेवटी पक्षाघातानं सोडवलं. आ-बांची उजवी बाजू गेली, ते वरच्या खोलीत अंथरुणाला खिळले. खाली भट्टी थंड होती. रोज सकाळी ते अडखळत विचारायचे, "पेटली?" ती म्हणायची, "पेटली, आ-बा." वास येत नसल्यामुळे खोटं पचत होतं. एकदा मात्र त्यांनी तिचा कोरडा, पिठाचा कणही नसलेला हात हातात घेऊन बराच वेळ उलटासुलटा पाहिला. त्यानंतर त्यांनी विचारायचं सोडलं. थंडी संपताना ते गेले.

दुकान एका तरुण जोडप्यानं कॉफीचं दुकान काढायला घेतलं. भट्टी दारातून निघेना, म्हणून कापून तुकडे करावे लागले. करवतीच्या आवाजात सुक-यिन फुटपाथवर उभी होती. आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं. आली ती फक्त झोप.

"गा-जे, चल, माझ्याबरोबर थोडे दिवस," काम-होंग म्हणाला. गाडीत बसताच तिची मान कलली. वाटेत डोंगर लागले, बर्फ लागलं, तिला पत्ता नव्हता. घरासमोर गाडी थांबवून त्यानं तिला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. आतून बायको खिडकीशी येऊन खुणा करत होती. त्यानं हातानंच तिला थांब म्हटलं, स्वतःचा कोट काढून बहिणीच्या अंगावर टाकला आणि तो शेजारी बसून राहिला.