कोळशाच्या एकोणचाळीस रेघा

आयुष्यभर मी यंत्रांसोबत काम केलं. अमानवीय वगैरे गोष्टी कुणी सांगितल्या की मी हसून सोडून द्यायचो. आज सत्त्याहत्तराव्या वर्षी मीच लिहायला बसलोय, कारण हे खरं कुठेतरी नोंदलं जायला हवं.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. मार्कंड्याच्या खालच्या अंगाला, वैनगंगेच्या काठावर आमच्या खात्याची पाणी मोजायची एक खोली होती. तिथे लिनक्स ही संगणकप्रणाली टाकलेला लॅपटॉप मी बसवला होता. पाणी लाल खुणेला लागलं की चौकीदार रहीमभाईंनी बटन दाबायचं, मग लॅपटॉप मोडेमवरून कंट्रोल रूमला फोन लावणार आणि तिथून खालच्या गावाला निरोप जाणार.

अडचण एकच – बटनाची वायर जिथे जोडली होती तो पोर्ट आणि नवं मोडेम, दोघांनाही चार नंबरचा इंटरप्ट हवा होता. इंटरप्ट म्हणजे प्रोसेसरला हाक मारायची लाइन. दोघांनी एकाच लाइनवर हाक मारली की लॅपटॉप गोठायचा. दुसऱ्या दिवशी वरच्या साहेबांचा दौरा होता, आणि त्यांना फक्त मोडेमवरून फोन लागलेला दाखवायचा होता. मी बटनाचा पोर्ट बंद करून टाकला. दौरा छान झाला. साहेबांच्याच जीपमधून मी चंद्रपूरला परतलो... पोर्ट तसाच ठेवून. पुढच्या फेरीत बघू म्हणून.

निघताना रहीमभाईंनी विचारलं होतं, "साहेब, हे बटन चालून राह्यलं ना? मले त् काही समजून नाई राह्यलं."

"तुम्ही दाबा हो, बाकी मशीन पाहील."

"मशीनचा माह्यावर भरोसा हाये. माहाच मशीनवर नाई," ते हसत म्हणाले. म्हणूनच बटन दाबलं की दर वेळी ते भिंतीवर कोळशाने एक रेघ मारत.

पंधरा दिवसांनी भरदुपारी पाणी चढलं. खोलीत बोलायचा फोन नव्हता, आणि मधला नाला भरल्याने रहीमभाईंना गावाकडे जाता येईना. निरोप गेलाच नाही. एक म्हातारी आणि तिची सून वाहून गेल्या.

चौकशीत मी सांगितलं, लॉगमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या रोजनिशीत, बटनाची एकही नोंद नाही. ते खोटं नव्हतं. पोर्टबद्दल मात्र मी बोललो नाही.

"अल्ला कसम साहेब, मोजून घ्या. त्या दुपारच्या एकोणचाळीस रेघा हायेत."

"रेघा काय, मागून पण मारता येतात," एकजण म्हणाला. दोघं-तिघं हसले. रहीमभाई माझ्याकडे बघत राहिले. मी कागद चाळत होतो.

गाव म्हणालं, झोपला होता. त्यांची नोकरी गेली.

लॅपटॉप माझ्या टेबलावर आला. मोडेम काढलेलं, वायर काढलेली, पोर्ट बंद. इंटरप्टचा, म्हणजे कुठल्या लाइनवर किती हाका आल्या त्याचा, तक्ता उघडला. त्यात चार नंबरची ओळ दिसायलाच नको होती. ती होती, आणि पुढे आकडा – ३९.

मशीन पुन्हा सुरू केलं की हे आकडे शून्यापासून मोजले जातात. मी बंद करून सुरू केलं... ३९. डिस्क पुसून सगळं नव्याने टाकलं. ३९. त्याच बैठकीत कळलं, पाच नंबर एका साउंड कार्डाने अडवला होता, जे कुणी कधी वापरलंच नाही. ते बंद केलं, मोडेमला पाच दिला, भांडण मिटलं. दहा मिनिटांचं काम होतं ते.

आकडा कुणालाही न दाखवता मी लॅपटॉप भंगारात काढला.

गेल्या वर्षी रहीमभाई वारले. त्यांची मुलगी माझ्या घरी आली होती. "काका, खरं सांगा जी. अब्बा झोपले होते का?"

"मला काय माहीत, बेटा," मी म्हणालो. ती चहा न घेताच गेली.

तो आकडा तिथे कसा आला, मला आजही सांगता येत नाही. खूप पुस्तकं चाळली, जाणकारांना आडून आडून विचारलं. कुणाकडे उत्तर नाही. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं.

नाही बेटा, तुझे अब्बा जागे होते. एकोणचाळीस वेळा त्यांनी हाक मारली. ती लाइन मी बंद केली होती.